मेट्रोचा नकाशा सरळ रेषांचा का असतो? तो शोधणाऱ्या हॅरी बेकचं नावच नकाशावरून गायब झालं होतं

महागावच्या बसस्टँडवर कुणालाही विचारा, नागपूरला कसं जायचं? उत्तर येईल : आर्णी, यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी, नागपूर. नांदेडचं विचारलं तर उमरखेड, हदगाव आणि पुढे नांदेड. पुसदला जायचं असेल तर गाडीच वेगळी.

रस्ता कुठे डावीकडे वळतो, कुठे नाला लागतो, कोणत्या दोन गावांत किती किलोमीटरचं अंतर आहे, हे सांगणाऱ्यालाही महत्त्वाचं वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही. कशानंतर काय येतं आणि गाडी कुठे बदलायची, एवढं कळलं की माणूस निवांत खिडकीशी जाऊन बसतो.

आपण तोंडी सहज वापरतो ती ही पद्धत कागदावर आणायची कल्पना मात्र मोठमोठ्या कंपन्यांना सुचली नव्हती. ती सुचली लंडनमधल्या एका ड्राफ्ट्समनला. सालं १९३१. नोकरी गेलेली, हातात भरपूर वेळ आणि समोर शाळकरी वहीचे दोन कागद. आज नागपूर मेट्रोच्या नकाशात सीताबर्डीला ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन एकमेकींना छेदताना दिसतात, त्या सरळसोट रंगीत रेषांचं मूळ त्या दोन कागदांत आहे.

त्या माणसाचं नाव हॅरी बेक.

हेन्री चार्ल्स बेक हे त्याचं पूर्ण नाव. जन्म ४ जून १९०२, पूर्व लंडनमधल्या लेटन भागात. घरचं काही मोठं नाव नव्हतं, कुठल्या नामांकित विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२५ च्या सुमारास तो लंडनच्या भुयारी रेल्वेत सिग्नल विभागात ड्राफ्ट्समन म्हणून लागला. काम तात्पुरतं. आजच्या भाषेत सांगायचं तर कंत्राटी. विजेच्या जोडण्यांची, सिग्नलच्या तारांची आरेखनं करायची, साहेबांनी तपासली की पुढचा कागद घ्यायचा. मंदी आली तशी कंपनीने खर्चाला कात्री लावली आणि तात्पुरत्या माणसांची नावं आधी कापली गेली. त्यात बेकचंही होतं.

आता त्या काळातल्या लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा कसा होता ते पाहू, नाहीतर बेकने नेमकं काय केलं ते कळणार नाही.

लंडनमधली ही रेल्वे कुणी एकाने एका दमात बांधलेली नव्हती. वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापले मार्ग काढले होते, आणि ते बहुतेक शहराच्या मधल्या भागात एकमेकांत गुंतलेले होते. १९२० च्या दशकात एफ. एच. स्टिंगमोर यांनी काढलेला खिशात मावणारा नकाशा प्रवाशांना मिळायचा. तो दिसायला छान होता, पण होता बराचसा भौगोलिक. म्हणजे जमिनीवर मार्ग जसा वळतो साधारण तसाच तो कागदावर वळायचा, आणि जमिनीवर जेवढं अंतर, थोडाफार फरक सोडला तर तेवढंच प्रमाणात कागदावर.

इथेच सगळी गडबड होती. शहराच्या मध्यभागी स्टेशनं अगदी खेटून आहेत. कोव्हेंट गार्डन आणि लेस्टर स्क्वेअर ही दोन स्टेशनं तीनशे मीटरच्याही आत आहेत. उपनगरात मात्र दोन स्टेशनांमध्ये कित्येक किलोमीटर जातात. एकाच प्रमाणावर दोन्ही दाखवायचं म्हटलं की मधोमध नावांची चेंगराचेंगरी होते आणि कडेला कागद मोकळा पडतो. शेवटची काही स्टेशनं तर कागदातच मावायची नाहीत. ज्या भागात प्रवाशाला गाडी बदलायची असते, नेमका तोच भाग वाचता यायचा नाही.

बेकने स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. जमिनीखाली, अंधाऱ्या बोगद्यात बसलेल्या माणसाला वर कोणता रस्ता आहे, गाडी ईशान्येला वळली की आग्नेयेला, याच्याशी काय देणंघेणं? त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. आपलं स्टेशन कितवं, आणि गाडी कुठे बदलायची.

एकदा हे ठरलं की बाकीचं टाकून देता येतं. बेकने तेच केलं. सगळे वेडेवाकडे मार्ग त्याने तीनच प्रकारच्या रेषांत बसवले : आडव्या, उभ्या आणि ४५ अंशात तिरक्या. मधला गजबजलेला भाग त्याने भिंगाखाली धरल्यासारखा मोठा केला आणि उपनगरं आत ओढून घेतली. स्टेशनांमधली अंतरं जवळपास सारखी केली. प्रत्येक मार्गाला त्याचा रंग होताच. शहरातले रस्ते, बागा, इमारती सगळं गेलं. राहिली फक्त थेम्स नदी, तीही सरळ कोनांत वळणारी. निदान आपण नदीच्या अलीकडे की पलीकडे, एवढं तरी कळावं म्हणून.

(या नदीचं महत्त्व लंडनवाल्यांना पुढे फार उशिरा जाणवलं. २००९ मध्ये नकाशा सुटसुटीत करायचा म्हणून थेम्स काढून टाकली गेली. एवढा आरडाओरडा झाला की तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांना ती परत आणायला लावावी लागली.)

गणितात या प्रकारच्या विचाराला टोपोलॉजी म्हणतात. शब्द जड आहे, कल्पना सोपी. रबरी कापडावर गावं आणि रस्ते काढले आणि ते कापड हवं तसं ताणलं, तर अंतरं बदलतील, कोन बदलतील, वळणं सरळ होतील. पण आर्णी महागाव आणि यवतमाळच्या मध्येच राहील, आणि पुसदचा रस्ता महागावला जिथे जोडला आहे तिथेच जोडलेला राहील. ताणल्यावरही जे बदलत नाही, म्हणजे कोण कुणाला जोडलेलं आहे, त्याचा अभ्यास म्हणजे टोपोलॉजी.

याची सुरुवातही एका शहराच्या वाटांवरूनच झाली होती. कोनिग्सबर्ग नावाच्या शहरात, म्हणजे आजच्या रशियातल्या कालिनिनग्राडमध्ये, नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरून येता येईल का, असं कोडं तिथे प्रसिद्ध होतं. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ च्या आसपास दाखवून दिलं की येणार नाही. त्यासाठी त्याला पुलांची लांबी लागली नाही की शहराचा आकार. जमिनीचे चार तुकडे आणि त्यांना जोडणारे सात दुवे, एवढ्यावर त्याने निकाल लावला. बेकने हे वाचलेलं असायला हवं असं काही नाही. त्याच्या हाताला सवय होती ती विजेच्या जोडण्या काढायची, आणि तिथेही तारेची लांबी महत्त्वाची नसते, ती कुठून कुठे जाते ते महत्त्वाचं असतं.

म्हणूनच बेकने सर्किटचं चित्र पाहून हा नकाशा काढला, असं आजही सर्रास सांगितलं जातं. ऑफिसात त्याची तशी थट्टाही होत असावी, कारण १९३३ मध्ये त्याने कर्मचाऱ्यांच्या मासिकासाठी स्वतःच एक गमतीचा नकाशा काढला. मार्ग तेच, पण स्टेशनांच्या नावांच्या जागी विजेच्या शब्दांवरच्या कोट्या. आपल्याच कामाची अशी टर उडवणारा माणूस मनातून पुरता खूश असला पाहिजे.

पण त्याआधी त्याला नकार पचवावा लागला होता.

१९३१ मध्ये बेकने नीट नकाशा तयार करून प्रसिद्धी विभागाकडे दिला. कुणी मागितलेला नव्हता, कुणी पैसे कबूल केले नव्हते. विभागाने तो परत पाठवला. हे फारच क्रांतिकारक आहे, लोकांना अंतरच कळणार नाही, अशी त्यांची भीती. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ही भीती अगदीच खुळचट नव्हती. ज्या कागदाला नकाशा म्हणतात त्यावर अंतर चुकीचं, दिशा चुकीची, मग त्याला नकाशा म्हणायचं तरी का?

बेकने वर्षभराने तोच प्रस्ताव परत पुढे केला. या वेळी विभागाने बिचकत का होईना, १९३२ मध्ये ५०० प्रती छापून निवडक स्टेशनांवर ठेवून पाहिल्या. लोकांनी त्या उचलल्या. मग जानेवारी १९३३ मध्ये खिशात मावणारी घडी छापली गेली, ७ लाखांच्या वर प्रती. जुन्या नकाशाची ही नवी रचना आहे, तुमचं मत जरूर कळवा, अशी विनंतीही तिच्यावर होती. महिन्याभरातच परत छापायची वेळ आली. सात लाख प्रती महिन्यात संपतात, म्हणजे लोकांचं मत काय होतं ते वेगळं विचारायची गरज उरली नाही.

बेकला याचे मिळाले मोजके पैसे. तेव्हाच्या काही गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे पौंडापेक्षा किंचित जास्त. नकाशाच्या कोपऱ्यात मात्र त्याचं नाव छापलं गेलं, आणि पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ त्या बारीक अक्षरांतल्या नावात आहे.

त्याच वर्षी बेकचं नोरा मिलिंग्टनशी लग्न झालं. दोघं उत्तर लंडनमधल्या फिंचली भागात राहायला गेले आणि नकाशाही त्यांच्यासोबत घरात राहायला आला. कारण हे काम एकदा करून संपणारं नव्हतं. १९३३ मध्येच शहराची सगळी वाहतूक एका मंडळाखाली आली. नवे फाटे निघत होते, जुन्या मार्गांची नावं बदलत होती, पिकॅडिली लाइन लांब उपनगरांत पोचत होती. एक स्टेशन वाढलं की आजूबाजूची दहा नावं हलवावी लागायची, आणि एक रेषा सरकली की तिला छेदणाऱ्या सगळ्या सरकायच्या. बेक हे सगळं हाताने करायचा. मोठाले कागद घरात पसरलेले असायचे.

त्याची बारीक नजर कळायला एकच उदाहरण पुरे. पहिल्या कच्च्या नकाशात स्टेशनांसाठी गोल ठिपके होते. छापील नकाशात त्यांच्या जागी रेषेला चिकटलेली छोटी आडवी खूण आली. ठिपका कुठल्याही बाजूच्या नावाचा वाटू शकतो. खूण मात्र ज्या बाजूला निघते त्याच बाजूचं नाव तिचं. गाडी बदलायच्या स्टेशनांना आधी चौकोनी हिरे होते, मग गोल कडी आली. वरवर पाहता किरकोळ वाटणारा हा बदल, पण गर्दीत उभं राहून दोन सेकंदांत नाव शोधणाऱ्याला त्याचाच उपयोग.

या नकाशाने लोकांच्या डोक्यातलं शहरही बदललं. दूरचं उपनगर कागदावर दोन बोटांवर दिसू लागलं. प्रत्यक्षात चालत पाच मिनिटांवर असलेल्या दोन स्टेशनांसाठी लोक खाली उतरून, गाडी बदलून प्रवास करू लागले, आणि नवखे पाहुणे आजही करतात. बेकच्या नकाशाचा हा दोष मान्य करायलाच हवा. तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो ते चोख देतो, पण त्याला दुसरा प्रश्न विचारला की फसवतो.

शहराच्या रस्त्यांना हीच युक्ती लावायला गेलं की अडचण होते ती यामुळेच. रेल्वेतून माणूस स्टेशनवरच उतरू शकतो, मधे नाही. रस्त्यावर तो कुठेही थांबतो, गल्लीत शिरतो, चालतो. तिथे अंतर आणि दिशा टाकून दिल्या तर तो हरवेल. म्हणून बसमार्गांचे असे नकाशे करताना एका थांब्यापासून निघणाऱ्या गाड्या तेवढ्या रेषांनी दाखवतात. महागावचा असा नकाशा काढायचा झाला तर तो पोस्टकार्डावर मावेल. लंडनचा मावत नव्हता, म्हणून बेक लागला.

युद्ध संपलं. १९४७ मध्ये बेकने रेल्वेची नोकरी सोडली आणि छपाईचं शिक्षण देणाऱ्या लंडनच्या संस्थेत तो पूर्णवेळ शिकवू लागला. योगायोग असा की त्याच वर्षी सेंट्रल लाइन वाढत वाढत लेटनला पोचली. म्हणजे बेक ज्या भागात जन्मला तो त्याच्याच नकाशावर आला तेव्हा बेक रेल्वेत उरला नव्हता. नकाशाचं काम मात्र बाहेरून तोच करत राहिला. या काळात त्याने पॅरिसच्या मेट्रोसाठीही अशी रचना करून पाहिली, पण पॅरिसने ती घेतली नाही. सिडनीने मात्र १९३९ मध्येच लंडनच्या धर्तीवर आपला नकाशा काढला होता.

बेकची समजूत अशी होती की नकाशाचे हक्क आपण कंपनीला दिले ते एका अटीवर : यापुढचा प्रत्येक बदल आपणच करणार. कंपनीच्या लेखी असं काही बंधन नव्हतं. जोवर कामं त्याच्याकडे येत होती तोवर हा फरक झाकलेला राहिला.

तो उघडा पडला १९६० मध्ये. बेकला नवा नकाशा स्टेशनच्या भिंतीवर दिसला आणि तो त्याने काढलेला नव्हता. कोपऱ्यात नाव होतं हॅरॉल्ड हचिसन. हे गृहस्थ रेल्वेचे प्रसिद्धी अधिकारी, व्यवसायाने आरेखक नव्हेत. रचना मुळात बेकचीच, पण त्यातली गोलसर वळणं जाऊन टोकदार कोपरे आले होते. लिव्हरपूल स्ट्रीट भागात तर एवढी दाटी झाली की ऑल्डगेट हे एक नाव दोन तुकड्यांत तोडून बसवावं लागलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं प्रत्येक नाव मोकळं बसावं म्हणून झटलेल्या माणसाला हे पाहून काय वाटलं असेल?

बेकने पत्रं लिहायला सुरुवात केली. आधी सौम्य, मग चिडलेली, मग कायद्याची भाषा असलेली. नव्याने येऊ घातलेली व्हिक्टोरिया लाइन आपल्या नकाशात कशी बसेल, याचा आराखडाही त्याने १९६१ मध्ये कुणी न मागता करून दिला. तीस वर्षांपूर्वीसारखाच. या वेळी दुसरी संधी मिळाली नाही.

हचिसन यांचा नकाशा लोकांना रुचला नाही हे खरं. १९६४ मध्ये तो बदलला गेला. पण काम बेककडे परत आलं नाही, ते गेलं पॉल गार्बट यांच्याकडे. गंमत म्हणजे गार्बट यांनीही तो नकाशा बेकसारखाच स्वतःच्या फावल्या वेळात केला होता. वळणं परत गोलसर झाली, नावांना परत श्वास घ्यायला जागा मिळाली. बेकच्या नकाशाची तत्त्वं परतली, बेक मात्र नाही. १९६५ मध्ये त्याने नाद सोडला.

कोण बरोबर होतं? कायद्याच्या बाजूने पाहिलं तर रेल्वेचं पारडं जड होतं. हक्क तिच्याकडे होते, आणि एखादी सार्वजनिक संस्था आपला नकाशा कायम एकाच माणसाच्या हाती ठेवू शकत नाही, हेही समजण्यासारखं आहे. पण ज्याची कल्पना त्याचं नाव खाली ठेवायला खर्च शून्य होता. ते काढून टाकलं, हा कोतेपणाच.

१८ सप्टेंबर १९७४ रोजी साउदॅम्प्टनमध्ये बेकचं निधन झालं. तोवर रोज लाखो लोक त्याच्या रेषांवर बोट ठेवून प्रवास करत होते आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

नाव परत आलं ते केन गार्लंड या आरेखकामुळे. गार्लंड बेकला त्याच्या उतारवयात भेटले, त्यांची मैत्री झाली. बेकने वहीच्या कागदांवरचं ते पहिलं पेन्सिलीचं आणि रंगीत शाईचं रेखाटन त्यांना देऊन टाकलं. गार्लंड यांनी पुढे सगळा पत्रव्यवहार आणि जुने नकाशे जुळवून १९९४ मध्ये बेकच्या नकाशावर पुस्तक काढलं. रेखाटन आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

त्यानंतर लंडनच्या रेल्वेने आपल्या नकाशावर एक ओळ छापायला सुरुवात केली. हा नकाशा हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये कल्पिलेल्या मूळ रचनेतून विकसित झाला आहे, अशा अर्थाची. २०१३ मध्ये लेटनमधल्या त्याच्या जन्मघरावर निळी पाटी लागली. आणि तो जिथून रोज गाडी पकडायचा त्या फिंचली भागात, फिंचली सेंट्रल स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, त्याच्या जुन्या नकाशाची मोठी प्रत लावलेली आहे. तिच्या कोपऱ्यात त्याचं नाव आहे.